नवतप्यात रुजणारं बी

पामचं बी रुजवायला नागपूरची हवा बरी नाही, असं इथल्या बागप्रेमींकडून नेहमी ऐकू येतं. हवा कोरडी, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, लू अशी की गच्चीवरची तुळस करपावी. पाम म्हणजे समुद्रकाठचं नाहीतर पावसाळी जंगलातलं झाड, ते इथे कसं जमायचं? झाडापुरता हा तर्क थोडाफार खरा आहे. बियांपुरता तो उलटा आहे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं, कारण या एका गैरसमजापायी इथली कितीतरी माणसं बी पेरतात डिसेंबरात, थंडी पाहून, आणि मग चार महिने कोरडी कुंडी बघत बसतात.

उष्ण प्रदेशातल्या बहुतेक पामच्या बियांना रुजायला ३० ते ३५ अंश तापमान लागतं, आणि तेही दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. पुण्यात मे महिन्यातही रात्री हवा उतरते. नागपुरात मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत घर रात्रीसुद्धा निवत नाही. भिंती दिवसभर तापतात आणि पहाटेपर्यंत ती ऊब सोडत राहतात. परदेशातले पामवेडे लोक विजेची चटई आणि थर्मोस्टॅट लावून जे साधतात, ते इथे कपाटाच्या खालच्या खणात फुकट मिळतं. बियाला ऊब लागते, ऊन नाही. या दोहोंतला फरक सांभाळला की नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस हाच पाम रुजवायचा खरा हंगाम.

एवढी ऊब आणि एवढा वेळ का लागतो, हे बी कापून पाहिलं की कळतं. पामच्या बियात जवळजवळ सगळी जागा कडक, पांढऱ्या गराची असते. त्यात एका बाजूला, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा असा भ्रूण असतो. फळ पिकून खाली पडलं तरी हा भ्रूण पुरता वाढलेला नसतो. हरभऱ्यात मूळ-पान तयारच असतात, पाणी लागलं की दोन दिवसांत मोड येतो. पामच्या भ्रूणाला आधी बियाच्या आतच वाढावं लागतं, मग त्याच्या तोंडावरचं छोटं झाकण ढकलून तो बाहेर येतो. बाहेरून काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हा आत काम चालू असतं, आणि त्या कामाचा वेग तापमान ठरवतं. २० अंशांवर ते जवळपास थांबतं. पामच्या अडीच हजारांवर जाती आहेत. त्यातल्या चौथाईहून अधिक जातींना रुजायला १०० दिवसांपेक्षा जास्त लागतात असा जाणकारांचा अंदाज आहे. महिनाभरात कुंडी उपसून पाहणाऱ्यानं हे आधी मनाशी धरावं.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. इथे पामच्या जातींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इस्रायलमध्ये मसाडा इथे उत्खननात सापडलेलं, सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये पेरलं आणि ते रुजलं. खजूर वाळवंटातला, त्याचं बी वाळतं, थांबतं, पाण्याची वाट पाहतं. पावसाळी जंगलातल्या पामला वाट पाहायची सवयच नाही. फळ ओल्या पाचोळ्यात पडतं आणि कामाला लागतं, त्यामुळे ते वाळलं की मेलं. संत्र्याच्या मुलखात हे समजायला अवघड जाऊ नये. संत्र्याची कलमं जिच्यावर बांधतात त्या जंभेरीचं बी फळातून काढल्यावर वाळू देऊन चालत नाही, हे इथल्या रोपवाटिकेत कोणीही सांगेल. सुपारी, अरेका पाम, लिक्युआला, लिपस्टिक पाम यांचं बी त्याच घराण्यातलं. म्हणून ऑनलाइन मिळणारी, कोरड्या पाकिटातली, गोळा केल्याची तारीख नसलेली लिपस्टिक पामची बी घेऊ नये. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे: बी कधी गोळा केलं, आणि कशात ठेवलं आहे. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून पाठवणारा माणूस बी जाणतो.

खरं तर विकत घ्यायची गरज फारशी पडत नाही. नागपुरात लग्नाच्या लॉनबाहेर, सरकारी कचेऱ्यांसमोर, जुन्या वसाहतींच्या कुंपणांशी फळं देणारे पाम उभे आहेत. सगळ्यांत सोपा अरेका पाम, मूळचा मादागास्करचा. त्याची लांबट फळं हिरव्याची पिवळी, मग नारिंगी-जांभळी होतात. पिवळी पडली की घ्यायची. ज्याला आपल्याकडे सर्रास ‘बॉटल पाम’ म्हणतात तो बहुतेक वेळा क्यूबाकडचा रॉयल पाम असतो. त्याची फळं मण्याएवढी, पिकल्यावर काळपट जांभळी. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, बुटका आणि बुडाशी फुगलेला, आणि रुजायला कितीतरी हट्टी. फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा. १९८३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो आपल्या लेआउटच्या प्रवेशद्वारांवर दिसतो. त्याची फळं लालभडक, अंड्याएवढी. गर काढला की बियावर काळ्या, फाटे फुटलेल्या धाग्यांची जाळी दिसते. रुपेरी पंख्यांचा बिस्मार्किया मात्र नर-मादी वेगळे असलेला पाम आहे. बंगल्यात एकटीच मादी उभी असेल आणि आसपास नर नसेल, तर तिच्या फळांवर वेळ घालवू नये.

फळ झाडावरून किंवा नुकतं पडलेलं घ्यायचं. मे महिन्यात फरशीवर दोन दिवस पडलेलं फळ भाजून निघालेलं असतं. बियावर टाचणीनं टोचल्यासारखं गोल भोक दिसलं तर तेही टाकून द्यायचं. आत बारीक भुंगेऱ्यानं घर केलेलं असतं आणि तो शेजारच्या बियांतही शिरतो.

बियावरचा फळाचा गर काढणं हे कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही. गरातल्या साखरेवर बुरशी वाढते, आणि काही जातींत गरच रुजणं अडवून धरतो. फळं दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं, मग जाड चाळणीवर रेतीबरोबर चोळायची. इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. फिशटेल पाम, म्हणजे आपला सुरमाड आणि त्याचे झुबक्यात वाढणारे भाऊबंद, यांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला लागले की तासन्‌तास आग होते, डोळ्याला लागले तर दवाखाना गाठावा लागतो. अशी फळं रबरी हातमोजे घालूनच हाताळायची आणि लहान मुलांना त्या कामात घ्यायचं नाही. स्वच्छ झालेल्या बिया एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात १० मिनिटं बुडवायच्या आणि तीन-चार पाण्यांतून धुवायच्या.

मग बी जिवंत आहे का ते पाहायचं. पाण्यावर तरंगणारं बी पोचट, हा नियम अर्धाच खरा आहे. काही जातींचं चांगलं बीसुद्धा तरंगतं. खात्रीचा उपाय म्हणजे २५ बियांतल्या तीन-चार कापून पाहणं. बियातला गर घट्ट, पांढरा आणि पोकळी भरून असलेला हवा, भ्रूण मलईच्या रंगाचा आणि टणक हवा. तपकिरी पडलेला, सुकून खळग्यात सुटा झालेला भ्रूण म्हणजे बी गेलं. सुपारीत आणि फिशटेलमध्ये गरात तपकिरी रेषा दिसतात. त्या निरोगी आहेत, त्यावरून बी फेकू नये. तीन-चार बियांचा हा खर्च डोळ्यांवर येतो खरा, पण मेलेल्या बियांची सहा महिने राखण करण्यापेक्षा तो फार स्वस्त.

ताज्या बियांना एक दिवस भिजवणं पुरतं. प्रवास करून आलेल्या, कडक बियांना तीन ते सात दिवस, रोज पाणी बदलून. उकळत्या पाण्यात टाकायचा सल्ला कुठे मिळाला तर ऐकू नका, भ्रूण शिजतो. जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकानं काही जातींत रुजणं थोडं लवकर होतं, पण रोपं लांबुडकी, लुळी निघतात आणि स्वतःच्या पायावर उभी राहत नाहीत. घरच्या पन्नास बियांसाठी ते करू नये असं माझं ठाम मत आहे.

रुजवायची पद्धत मी पिशवीचीच सुचवेन. कुंडीत ओल रोज बदलते आणि नागपूरच्या एप्रिलात ती दुपारपर्यंत उडून जाते. बंद पिशवीत ती महिनोन्‌महिने टिकते. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन वेळा भरपूर पाण्यानं धुवायची, कारण तिच्यात खारटपणा असतो आणि तो कोवळ्या मुळांची टोकं जाळतो. शेवटचं धुणं बोअरच्या जड पाण्यानं न करता नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यानं करावं. तेवढंच परलाइट, म्हणजे रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे, मिसळायचं. नसेल तर धुतलेली जाड रेती चालते. काळी माती अजिबात नको, ती चिकटते आणि हवा कोंडते. आता ओल तपासायची: मिश्रण मुठीत जोरानं आवळल्यावर एखाद-दोन थेंब पडावेत. धार लागली तर ते जास्त ओलं आहे, आणि या पद्धतीत बी कुजण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. झिप असलेली जाड पारदर्शक पिशवी अर्धी भरायची, अरेकाएवढ्या वीस-पंचवीस बिया त्यात मिसळायच्या, थोडी हवा ठेवून बंद करायची. जात, कुठून आणलं आणि तारीख हे तिन्ही पक्क्या शाईनं लिहायचं. महिन्याभरानंतर सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

पिशवी कुठे ठेवायची, यावर सगळं अवलंबून आहे. उन्हात कधीच नाही. बंद पिशवी मे महिन्याच्या उन्हात अर्ध्या तासात बिया मारण्याइतकी तापते. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोलीही धोक्याची. तिथे दुपारी ४० च्या वर जातं आणि सलग तसं राहिलं की बिया जातात. तळमजल्यावरचं आतल्या खोलीतलं कपाट उत्तम. कूलरच्या झोतात ठेवू नये, कारण तिथे तापमान एकदम पाच-सात अंश उतरतं आणि कूलर बंद झाला की पुन्हा चढतं. दिवसाची सर्वांत कमी आणि जास्त नोंद ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर शेजारी ठेवावा; अंदाजावर विसंबू नये. पंधरवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा बदलायची. बियावर पांढरी बुरशी दिसली तरी घाबरायचं कारण नाही, दाबून पाहायचं. टणक असेल तर ती बियाला चिकटून उरलेल्या फळाच्या गरावर जगते आहे, बी धुवून परत ठेवायचं. दाबल्यावर मऊ लागलं आणि वास आला, तर तेवढं एक काढून टाकायचं.

रुजण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या ओळखल्याशिवाय कुंडी निवडू नये. अरेका, सुपारी, रॉयल, फॉक्सटेल यांच्यात बियाला चिकटूनच पांढरं बटण फुगतं. त्यातून कोंब वर निघतो, मूळ खाली. पहिलं मूळ बारीक आणि थोड्या दिवसांचं असतं, खरी मुळं मागून खोडाच्या बुडातून येतात. पहिलं सुकलं म्हणून हळहळू नये. शिंदी, खजूर, ताड, बिस्मार्किया, फिशटेल, चायनीज फॅन पाम यांची रीत वेगळी. बियातून मुळासारखा दिसणारा एक पांढरा दांडा निघतो आणि सरळ जमिनीत उतरतो. ते मूळ नसतं, ती नाळ असते. तिच्या टोकाशी, बियापासून दूर, खोल जागी रोप तयार होतं आणि तिथून पान वर येतं. बी पृष्ठभागावर पडलेलं दिसतं आणि मोकळं वाटतं, म्हणून माणसं ते उचलून फेकतात. नाळ तुटते आणि रोप उपाशी मरतं. बियाच्या आत एक मऊ, स्पंजासारखा अवयव वाढत असतो. तो गर विरघळवून रोपाला पुरवत राहतो, काही महिने. कोंब आलेला नारळ फोडल्यावर जो पांढरा गोड गोळा खायला मिळतो, तो हाच अवयव. बी आपण होऊन गळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

ताडाची नाळ तर इतकी खोल जाते की ते रोप कुंडीतून हलवणं जवळजवळ अशक्य. तेलंगणात आणि तमिळनाडूत ताडाचे हे जमिनीतले कोंब खणून, उकडून खातात. ताडगोळे खाऊन उरलेल्या बियांपासून रोपं होतील असं मात्र समजू नये, ती फळं कोवळी असतात. पिकून पडलेलं, केशरी गराचं फळ लागतं, आणि ते कायमच्या जागीच पेरावं.

कोंब दिसला की पिशवीतून कुंडीत. नाळवाल्यांना किमान फूटभर खोली हवी. दोन लिटरची पाण्याची बाटली मानेशी कापून, बुडाला पाच-सहा भोकं पाडून छान काम देते; बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळायचं, म्हणजे मुळांना अंधार मिळतो आणि आत शेवाळ धरत नाही. बिस्मार्कियाला मुळं दुखावलेली सहन होत नाहीत, त्याला थेट दीड फूट खोल पॉलिबॅग द्यावी. बटणवाल्यांना सहा इंची पिशवी पुरते. मिश्रणात कोकोपीट दोन भाग, रेती दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग. बी अर्धं दिसेल इतपतच पुरायचं. जास्त खोल गेलं तर कोंबाच्या बुडाशी पाणी साचून ते कुजतं. पहिले दोन-तीन महिने खत नको, शिदोरी बियातच आहे.

मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये पिशव्या भरल्या तर हिशेब इतका नीट बसतो की हेच माझ्या सांगण्याचं सार धरावं. अरेका, चायनीज फॅन आणि शिंदी जूनपर्यंत कोंब दाखवतात. जूनच्या मध्याला पाऊस येतो, हवा दमट होते, आणि कोवळ्या रोपाला जे जंगल हवं असतं ते नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये आपोआप तयार होतं. थंडीपर्यंत चार महिने मिळतात. डिसेंबरात पेरणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

सुपारी आणि नारळाला पिशवी नको. पूर्ण पिकलेली सुपारी सालीसकट, देठाची बाजू वर ठेवून, सावलीतल्या ओल्या रेतीत उभी लावायची. दीड-दोन महिन्यांत कोंब येऊ लागतो. बियाण्याचा नारळ ११-१२ महिने झाडावर पिकलेला, सोललेला नसलेला आणि हलवल्यावर पाण्याचा आवाज येणारा हवा. पाच-सहा महिन्यांत न फुटलेला नारळ स्वयंपाकाला घ्यावा. दोन्हींवर उंदरांची नजर असते, वर जाळी घालावी.

पहिलं पान पाहून फसगत होते. शिंदीचं आणि खजुराचं पहिलं पान गवताच्या पात्यासारखं सरळ असतं आणि तण म्हणून उपटलं जातं. अरेका-फॉक्सटेलचं दुभंगलेलं असतं. पिसासारखी पानं यायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

थंडीचा प्रश्न फॉक्सटेल आणि बॉटल पामसारख्या सावकाश जातींना येतो. त्या उन्हाळ्यात सुरू होतात आणि डिसेंबर उजाडतो तरी अर्ध्या बिया आतच असतात. नागपुरात रात्री पारा १०-१२ वर येतो. अशा वेळी थर्माकोलचं मासळीचं खोकं आणावं, आत पाण्यानं भरलेलं टब ठेवून त्यात ५० वॅटचा मासे पाळण्याच्या टाकीचा हीटर ३२ वर लावावा, आणि पिशव्या हवाबंद डब्यात घालून पाण्यावर तरंगत सोडाव्या. हीटर कायम बुडालेला हवा. पाणी आटून काच उघडी पडली तर ती तडकते. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायचं.

रोपांना पहिला उन्हाळा ५० टक्के सावलीच्या हिरव्या नेटखाली काढू द्यावा, भिंतीलगत आणि पश्चिमेच्या उन्हापासून दूर. कोरड्या हवेत पानांच्या खाली लाल कोळी धरतो, पानं फिकट, ठिपकेदार दिसू लागतात; आठवड्यातून दोनदा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला तर तो आवरतो. संध्याकाळी तापलेल्या कुंडीत गार पाणी ओतू नये, आणि कोंबाच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. लिपस्टिक पामबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. मलेशिया-सुमात्राकडच्या दलदलीतलं ते झाड. बी रुजलं तरी इथली लू आणि इथली जानेवारी दोन्ही त्याला सोसत नाहीत. घरात काच लावून, दमट हवा राखून सांभाळायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पिशवीत शेवटी काही बिया उरतातच. एकाच घडातल्या बिया एकाच वेळी रुजत नाहीत. पहिल्या कोंबात आणि शेवटच्या कोंबात चार-सहा महिने सहज जातात, फॉक्सटेलमध्ये वर्षसुद्धा. पिशवी टाकण्याआधी उरलेल्यांतल्या दोन कापून पाहा. गर अजून पांढरा आणि टणक असेल तर बाकीच्या धुवून, नव्या कोकोपीटमध्ये घालून, पिशवीवर दुसरी तारीख लिहून पुन्हा कपाटात ठेवा आणि पुढचा एप्रिल-मे त्यांना मिळू द्या.